ड्रॉशीट रद्दीत घालण्याआधी : खानदेशातल्या टेनिस स्पर्धा भरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत टेनिस स्पर्धा भरवणारे पदाधिकारी, स्पर्धा-सचिव आणि प्रशिक्षक मंडळी

सप्रेम नमस्कार.

स्पर्धा संपते, मंडप उतरतो, चषकांचे फोटो ग्रुपवर पडतात आणि भिंतीवरची ड्रॉशीट (कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता) सेलोटेपसकट ओरबाडून निघते. तिच्यावर असते काय? नावे, आणि नावांखाली ६-४, ६-३. महिन्याभराने कुणी विचारले की उपान्त्य सामन्यात त्या मुलीच्या डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्ह चुकून गेलेले पॉइंट) किती झाल्या, तर उत्तर येते, “लई झाल्या.” या ‘लई’वर प्रशिक्षकाने पुढच्या सहा महिन्यांचा सराव ठरवायचा आणि पालकांनी पुण्याला पाठवायचे की नाही याचा हिशोब करायचा, असे आपल्याकडे चालले आहे.

आमची मागणी छोटी आहे. येत्या हंगामापासून उपान्त्यपूर्व फेरीपासूनच्या प्रत्येक एकेरी सामन्याची पॉइंटगणिक नोंद ठेवा. ३२ जणांच्या ड्रॉमध्ये एकूण ३१ सामने होतात. त्यातले शेवटचे सात. एका गटामागे सात सामन्यांचे कागद. याहून जास्त आम्ही आत्ता मागत नाही, कारण पहिल्या फेरीपासून सुरुवात केली की दुसऱ्या दिवशी दुपारी स्कोअरर पळून जातात.

नुसत्या स्कोअरवर आमचा भरवसा का नाही, ते मोठ्या सामन्यांवरून पाहू. २०१९ची विम्बल्डन अंतिम लढत : जोकोविचने फेडररला ७-६(५), १-६, ७-६(४), ४-६, १३-१२(३) असे हरवले. आता गेम मोजा. जोकोविच ३२, फेडरर ३६. पॉइंट पाहा : जोकोविच २०४, फेडरर २१८. फेडररने सात वेळा सर्व्हिस ब्रेक केली, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हवरचा गेम जिंकला; जोकोविचने तीनदा. एस (समोरच्याची रॅकेटही न लागता पॉइंट मिळवणारी सर्व्ह) २५ विरुद्ध १०, तेही फेडररचेच जास्त. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५ असताना दोन मॅच पॉइंट त्याच्या हातात होते. चषक मात्र दुसऱ्याकडे गेला, कारण तिन्ही टायब्रेक (बरोबरी झाल्यावर सेटचा निकाल लावणारे जादा गेम) जोकोविचने घेतले. हा सामना ‘फेडरर कमी पडला’ एवढ्यावर वहीत बंद केला, तर त्यातून शिकण्यासारखे काहीच उरत नाही. २०१०मध्ये विम्बल्डनलाच इस्नर आणि माहू तीन दिवस मिळून ११ तास ५ मिनिटे खेळले, १८३ गेम झाले, शेवटचा सेट ७०-६८. त्यातही हरलेल्या माहूचे पॉइंट ५०२ आणि जिंकलेल्या इस्नरचे ४७८. तिथला इलेक्ट्रॉनिक फलक ४७-४७वर थिजला होता. हाताने भरलेल्या कागदाला तसले दुखणे नसते, एवढे जाता जाता सांगतो.

आणखी एक आकडा सराव घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. फेडररच्या कारकिर्दीतले एकेरी सामने १५२६. जिंकले १२५१, हरले २७५. म्हणजे सुमारे ८२ टक्के सामने जिंकले. पण खेळलेल्या पॉइंटपैकी जिंकले फक्त ५४ टक्के. हे त्याने स्वतःच २०२४मध्ये विद्यार्थ्यांपुढे बोलताना सांगितले. शंभर पॉइंटमागे चार पॉइंट इकडचे तिकडे झाले की सामन्यांचा निकाल एवढा पालटतो. आपल्या मुलांचे ते चार पॉइंट कुठे सांडतात, हे ६-४, ६-३ मधून कधीच दिसणार नाही.

आता कागदाकडे येऊ. नवे काही शोधायला नको. चेअर अंपायर जगभर जे स्कोअरकार्ड भरतात तेच पुरे. प्रत्येक गेमला आडव्या चौकटींची एक पट्टी. पट्टीचा वरचा अर्धा भाग सर्व्ह करणाऱ्याचा, खालचा रिटर्न करणाऱ्याचा. ज्याने पॉइंट जिंकला त्याच्या भागात तिरकी रेघ. एस असेल तर रेघेऐवजी ‘ए’, डबल फॉल्ट असेल तर रिटर्न करणाऱ्याच्या भागात ‘डी’. पहिली सर्व्ह चुकली की लगेच, दुसरी सर्व्ह पडायच्या आत, त्या चौकटीच्या मधल्या रेषेवर एक ठिपका. आचारसंहितेचा भंग झाला तर ‘सी’, वेळेचा भंग झाला तर ‘टी’. पट्टीच्या डाव्या टोकाला सर्व्ह कुणाची आणि कुठल्या बाजूने, उजव्या टोकाला गेम संपल्यावरचा स्कोअर. झाले.

सगळा खेळ त्या ठिपक्यात आहे. नवखा स्कोअरर रॅली बघत बसतो आणि पॉइंट संपल्यावर आठवू लागतो की ही पहिली सर्व्ह होती का दुसरी. ठिपका नंतर टाकायचा म्हटले की तो गेलाच. म्हणून सवय अशी लावा : फॉल्ट ऐकला की आधी पेन टेकवायचे, मग मान वर करायची. लेट झाली (सर्व्ह जाळीला लागून आत पडली) तर ती सर्व्ह पुन्हा होते; पहिलीवर लेट झाली तर ठिपका नाही, दुसरीवर झाली तर आधीचा ठिपका तसाच राहतो.

कागद बरोबर भरला की नाही, हे सामना न बघताही तपासता येते. अॅडव्हांटेजच्या पद्धतीत (४०-४० नंतर सलग दोन पॉइंट घ्यावे लागतात) एका गेमचे एकूण पॉइंट ४, ५, ६ किंवा मग ८, १०, १२ असेच येतात. ७ कधीच येत नाहीत. ज्या पट्टीत सात खुणा दिसतील तिथे एक पॉइंट राहिला आहे किंवा एक जास्त पडला आहे. (नो-अॅड खेळवत असाल तर ४०-४० नंतरचा निर्णायक पॉइंट धरून सात येतात, म्हणून पद्धत कागदाच्या डोक्यावर लिहाच.) सात पॉइंटच्या टायब्रेकमध्ये एकूण बेरीज ७ ते १२ किंवा १४, १६, १८ अशी येते, १३ येत नाही.

ब्रेकचाही असाच ताळा आहे. ६-४ सेटमध्ये दोघांनी पाच-पाच गेम सर्व्ह केलेले असतात, म्हणून जिंकणाऱ्याचे ब्रेक हरणाऱ्यापेक्षा नेमका एकाने जास्त असायला हवेत. ७-५मध्येही एकच, ६-२मध्ये दोन. ६-३ मात्र फसवा. जिंकणाऱ्याने सेटची पहिली सर्व्ह केली असेल तर एका ब्रेकच्या फरकात काम होते, समोरच्याने केली असेल तर दोन लागतात. एकाच स्कोअरचे दोन वेगळे सेट! ड्रॉशीटवर दोन्ही सारखेच दिसतात.

टायब्रेकमध्ये गडबड ठरलेली. पहिला एक पॉइंट एकाची सर्व्ह, पुढे दोन-दोन. ज्याने टायब्रेकची पहिली सर्व्ह केली तो पुढच्या सेटची सुरुवात रिटर्नने करतो; इथे कागदावर सर्व्हर उलटा लिहिला गेला की अख्ख्या सेटचे आकडे एकमेकांच्या खात्यात जातात. टायब्रेक हा कुणाचाच सर्व्हिस गेम नाही, पण त्यातला प्रत्येक पॉइंट कुणाच्या तरी सर्व्हवर खेळला जातो. तो सर्व्ह पॉइंटच्या बेरजेत घ्यायचा, ब्रेक पॉइंटमध्ये (जो गमावला तर सर्व्हरचा गेम जातो तो पॉइंट) नाही. आणि ब्रेक पॉइंट मोजताना पॉइंटच मोजा, गेम नकोत. ०-४० वरून सर्व्हरने गेम वाचवला तर त्याने किमान तीन ब्रेक पॉइंट वाचवले, ‘एक’ नव्हे.

या कागदातून बाहेर काय पडते, ते एका कल्पित सामन्यावर करून पाहू. समजा मुलीने ६० पॉइंट सर्व्ह केले. ठिपका नसलेले ३३, म्हणजे पहिली सर्व्ह आत ५५ टक्के. त्यातले २२ जिंकले, ६७ टक्के. उरलेले २७ पॉइंट दुसऱ्या सर्व्हवर गेले आणि त्यातले जिंकले फक्त ९, म्हणजे ३३ टक्के. त्या २७मध्ये डबल फॉल्ट ६. ते बाजूला काढले तर दुसरी सर्व्ह आत पडल्यावर २१पैकी ९ जिंकले, ४३ टक्के. आता प्रशिक्षकाला दोन वेगळे आजार वेगवेगळे दिसतात. सहा पॉइंट सर्व्ह आत न पडल्याने गेले, बारा सर्व्ह आत पडूनही गेले. पहिल्यावर टॉसची उंची आणि स्पिन हा उपाय. दुसऱ्यावर सर्व्हची खोली, आणि सर्व्हनंतरचा पहिला फटका. आपल्याकडे दोन्हींवर एकच औषध मिळते : “सर्व्हिस सुधार.”

तिच्या रिटर्नच्या बाजूला ५८पैकी २४ पॉइंट असतील तर एकूण ११८पैकी तिचे ५५. रिटर्नवर जिंकलेले ४१ टक्के भागिले सर्व्हवर गमावलेले ४८ टक्के, उत्तर साधारण ०.८६. एकच्या वर गेलात तर सामान्यतः सामना तुमचा, खाली तर समोरच्याचा. आणि वर पाहिलेल्या विम्बल्डनसारखा सामना निघाला तर टायब्रेकच्या पट्ट्या उघडून बसायचे. दोन्ही बाजूंच्या बेरजा सामन्याच्या एकूण पॉइंटशी जुळल्याशिवाय टक्केवारी काढू नका. नाही जुळले तर बहुतेक वेळा टायब्रेक राहिलेला असतो.

‘अनफोर्स्ड एरर’ (समोरच्याने दबाव न आणता आपली आपण केलेली चूक) पहिल्या वर्षी लिहूच नका, असे आमचे मत आहे. नियमावलीत तिची व्याख्या नाही. ती बघणाऱ्याच्या अंदाजावर चालते. दोन स्कोअरर शेजारी बसवले तर दोघांचे आकडे वेगळे येतील, आणि त्यातला एक खेळाडूचा काका असेल तर फारच वेगळे. एस, डबल फॉल्ट, पहिली सर्व्ह, ब्रेक पॉइंट यांत मताला जागा नाही. एसचे तेवढे पक्के ठेवा : समोरच्याच्या रॅकेटला चेंडू लागला तर तो एस नव्हे, मग परतला नाही तरी.

आता आपल्या मुलखाची अडचण. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५वर जातो. चेंडूची अधिकृत चाचणी २० अंशांना होते : २५४ सेंटिमीटरवरून कठीण पृष्ठभागावर सोडला तर उसळी १३५ ते १४७ सेंटिमीटरच्या आत हवी. उन्हात चेंडूच्या आतल्या हवेचा दाब वाढतो, रबर सैल होते आणि तोच चेंडू जास्त उसळतो. सकाळी साडेसहाला जी दुसरी सर्व्ह कमरेला येत होती ती अकरा वाजता खांद्याला येते. त्यात व्यावसायिक सामन्यात पहिल्या सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमला नवे चेंडू येतात. आपल्याकडे एक डबा सामनाभर आणि कधी दुसऱ्या दिवशीच्या सरावालाही. सिमेंटवर लव झिजून चेंडू गुळगुळीत आणि वेगवान होतो, मातीच्या कोर्टवर लव धूळ पिऊन जड होते. काळ्या मातीवर बांधलेल्या कोर्टला उन्हाळ्यात भेगा जातात ते निराळेच. खालची माती आकसते, वरचा थर फाटतो आणि बेसलाइनजवळ चेंडू वाकडा उडतो.

म्हणून कागदाच्या डोक्यावर पाच गोष्टी हव्यात : तारीख आणि सामना सुरू झाल्याची वेळ, कोर्ट क्रमांक व पृष्ठभाग, चेंडू नवा की वापरलेला, सामन्याची पद्धत, आणि स्कोअररचे नाव. सकाळच्या मातीवरचे आणि दुपारच्या सिमेंटवरचे आकडे एकाच सरासरीत घालू नका. नदालच्या ९२ विजेतेपदांपैकी ६३ मातीवरची आहेत आणि फ्रेंच ओपनमध्ये त्याची नोंद ११२ विजय, ४ पराभव अशी आहे. त्याची एकूण कारकीर्द १०८० विजय आणि २२८ पराभवांची. पृष्ठभाग वेगळा न काढता हा माणूस समजतच नाही. मग आपल्या पोराला तरी कसा समजून घेणार?

सामन्यांची बेरीज करून ‘रेकॉर्ड’ बनवताना काय धरायचे आणि काय नाही, यावर आपल्याकडे सर्वाधिक गोंधळ आहे. वॉकओव्हर म्हणजे पहिला पॉइंट पडण्याआधीच समोरचा आला नाही किंवा माघार घेतली. एटीपीच्या (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या) जय-पराजयाच्या हिशोबात तो विजयही नाही आणि पराभवही नाही. खेळाडू पुढच्या फेरीत जातो, इतकेच. सामना सुरू होऊन कुणी मध्येच सोडला तर मात्र तो पूर्ण विजय आणि पूर्ण पराभव. फेडररने त्या १५२६ सामन्यांत एकदाही सामना अर्ध्यावर सोडला नाही, या वाक्याला वजन येते ते या फरकामुळे. स्थानिक स्पर्धांत दोन वॉकओव्हर आणि एक खरा सामना जिंकून ‘अपराजित फायनलिस्ट’ झालेल्यांची प्रसिद्धिपत्रके निघतात. कागदावर ‘वॉकओव्हर’, ‘रिटायर्ड’ आणि ‘डीफॉल्ट’ (खेळाडूला बाद ठरवणे) हे तीन शब्द पूर्ण लिहा. तिन्हींच्या जागी एक तिरकी रेघ मारू नका.

पातळीही मिसळायची नसते. सुमीत नागल जुलै २०२४मध्ये एकेरीत ६८व्या स्थानी पोचला तेव्हा त्याच्याकडे सहा चॅलेंजर (एटीपी टूरच्या खालच्या पातळीची) विजेतेपदे होती आणि एटीपी टूरचे एकही नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही वेगळ्या ओळीत लिहायच्या. लिअँडर पेसची १८ ग्रँड स्लॅम म्हणजे पुरुष दुहेरीची ८ आणि मिश्र दुहेरीची १०; एकेरीतले त्याचे एकमेव एटीपी विजेतेपद १९९८चे, न्यूपोर्टचे. सानिया मिर्झाची दुहेरीत डब्ल्यूटीएची (महिलांच्या व्यावसायिक टूरची) ४३ विजेतेपदे, एकेरीत एक, २००५चे हैदराबाद. एकेरीतले सर्वोच्च स्थान २७, दुहेरीत १. ‘जगात पहिली’ एवढेच छापले तर वाचणारा कुठले ‘पहिली’ समजेल? जिल्हा, राज्य मानांकन आणि राष्ट्रीय मानांकन स्पर्धा यांची तीन पाने वेगळी ठेवा, आणि एकेरी-दुहेरीची खाती कधीच एक करू नका.

क्रमवारीबद्दल पालकांना एक समजावून सांगावे लागेल. व्यावसायिक क्रमवारी ५२ आठवड्यांची असते. गेल्या वर्षी याच आठवड्यात मिळवलेले गुण यंदा गळतात. त्यामुळे खेळाडू जिंकूनही खाली जाऊ शकतो आणि घरी बसून वरही सरकू शकतो. ‘कारकिर्दीतले सर्वोच्च स्थान’ आणि ‘सध्याचे स्थान’ हे दोन आकडे तारखेसह लिहावेत. सत्काराच्या फलकावर नेहमी पहिलाच असतो, तारीख नसते.

बातमी देणाऱ्यांसाठी थोडेसे. स्कोअर विजेत्याच्या बाजूने लिहितात. कंसातला आकडा मात्र टायब्रेक हरणाऱ्याच्या पॉइंटचा असतो, तो सेट कुणीही जिंकलेला असो. इस्नरच्या विजयात तिसरा सेट ६-७(७) आहे, म्हणजे तो टायब्रेक त्याने ७-९ असा गमावला. तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटचा टायब्रेक खेळवला तर तो १०-७ असा चौकोनी कंसात द्या. नुसते १०-७ लिहिले की वाचणाऱ्याला तो लांबलेला सेट वाटतो.

नावांचे दुखणे तर खास खानदेशी. एका ड्रॉमध्ये चार पाटील, तीन चौधरी, दोन महाजन, त्यात ‘आर. पाटील’ दोन. एका स्पर्धेत ‘ऋ’, दुसरीत ‘रु’. तीन वर्षांनी कुणाचे सामने कुणाच्या नावावर गेले, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. अखिल भारतीय टेनिस संघटनेचा नोंदणी क्रमांक असेल तर तो आणि पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. क्रमांक नसेल तर जन्मवर्ष. पण ही मुले लहान आहेत. भरलेला कागद खेळाडूला आणि त्याच्या प्रशिक्षकाला द्या, दुसरी प्रत फाइलला; व्हॉट्सअॅपवर सोळा डबल फॉल्टची जाहिरात करू नका.

माणूस कोण बसवायचा? त्याच स्पर्धेत हरलेली मोठ्या गटातली मुले सगळ्यांत चांगली. खेळ कळतो, डोळा बसलेला असतो, दोन-तीन सामन्यांत हातही बसतो. फक्त आपल्या अकादमीच्या मुलाच्या सामन्यावर नको. चेअर अंपायर नसलेल्या कोर्टवर स्कोअररने आउट-इनचा कॉल अजिबात द्यायचा नाही, खेळाडूंनी विचारले तरी. स्कोअरवरून वाद झाला तर फिरत्या अंपायरला बोलवा. दोघांना मान्य असलेले पॉइंट धरायचे आणि वादाचे तेवढे पुन्हा खेळवायचे, हा नियम आहे. कागद तिथे मदतीला येतो, निकाल द्यायला नाही.

साहित्य : पुठ्ठ्याचे क्लिप-पॅड, सामन्यामागे पाठपोट दोन कागद, सावलीसाठी छत्री आणि साधे बॉलपेन. जेलपेन देऊ नका. मे महिन्यात मनगटाचा घाम दुसऱ्या सेटपर्यंत सगळे ठिपके पुसून टाकतो.

कळावे,

आपले,
खानदेशातल्या टेनिस कोर्टांवर स्कोअरर, अंपायर आणि प्रशिक्षक म्हणून काम करणारे काही जण